प्रयोगशाळेत कोण, व्यासपीठावर कोण

अमेरिकेतील विद्यापीठांच्या विज्ञान विभागांत गेली तीस वर्षे दोन प्रश्न एकमेकांत गुंतत गेले आहेत. पहिला जागेचा: संशोधक म्हणून आत कुणाला घेतले जाते, आत आल्यावर कुणाला किती पगार, जागा आणि मान मिळतो, आणि त्यात विषमता दिसली तर विद्यापीठाने काय करावे? दुसरा बोलण्याचा: विद्यापीठाने योजलेला उपाय चुकीचा आहे असे एखाद्या शास्त्रज्ञाने उघड म्हटले, तर त्याची किंमत त्याला मोजावी लागावी का? वादाच्या धुमश्चक्रीत हे दोन्ही प्रश्न एकच असल्यासारखे मांडले जातात. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना डावलले जाते हे ज्याला पटते त्याने त्यावरचा प्रत्येक उपाय बिनतक्रार स्वीकारावा, अशी एका बाजूची अपेक्षा असते. एखादा उपाय फसला की मूळ तक्रारच खोटी होती, असा निष्कर्ष दुसरी बाजू काढते. या सरसकटपणाने विज्ञानाचे नुकसान केले आहे. हे नुकसान कसे होत गेले ते बोस्टनशेजारच्या केंब्रिज गावातील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या एका संस्थेच्या इतिहासातही बरेचसे दिसते.

नॅन्सी हॉपकिन्स या तेथील रेणवीय जीवशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापक होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी झेब्राफिश या बोटभर माशाच्या जनुकांवर काम सुरू केले. माशांच्या टाक्या ठेवण्यासाठी त्यांना २०० चौरस फूट जास्तीची जागा हवी होती. ती मिळेना. सहकाऱ्यांपेक्षा आपल्याकडे जागा कमी आहे असे त्या सांगत, आणि तसे काही नाही असे उत्तर मिळे. अखेर त्यांनी मोजपट्टी घेतली आणि रात्री सामसूम असताना इमारतीतल्या प्रयोगशाळा एकेक करून मोजून काढल्या. नुकत्याच लागलेल्या पुरुष प्राध्यापकांकडेही त्यांच्यापेक्षा जास्त जागा असल्याचे आकड्यांतून निघाले. १९९४ मध्ये एमआयटीच्या विज्ञान शाखेत कायम नेमणूक मिळालेल्या स्त्रिया १५ होत्या आणि पुरुष दोनशेच्या आसपास. हॉपकिन्स यांनी इतर महिला प्राध्यापकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येकीकडे असाच एखादा अनुभव होता, आणि तो फक्त आपल्याच वाट्याला आला असावा असे प्रत्येकीला वाटत होते. त्यांच्यापैकी एक वगळता सगळ्यांनी सही केलेले पत्र अधिष्ठाता रॉबर्ट बर्जनो यांच्याकडे गेले. हे भौतिकशास्त्रज्ञ गृहस्थ आकडे पाहून हलले. समिती नेमली गेली, आणि तिच्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या अहवालात कुणी एक खलनायक नव्हता. पगारातला थोडा फरक, जागेतला थोडा फरक, महत्त्वाच्या समित्यांवर न घेणे, पुरस्कारांसाठी नाव न सुचवणे, अशा लहान लहान गोष्टींची वर्षानुवर्षे साचत गेलेली बेरीज होती. तरुण प्राध्यापिकांना आपल्या बाबतीत भेदभाव होत नाही असे वाटत होते. ज्येष्ठ झाल्यावर तो जाणवू लागे. असा भेदभाव काही प्रमाणात खरा आणि काही प्रमाणात समजुतीचा असतो असे आपण मानत आलो, पण खऱ्याचा वाटाच कितीतरी मोठा आहे, असे संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स वेस्ट यांनी अहवालासोबत लिहिले. एका मातब्बर संस्थेच्या प्रमुखाने असे लेखी मान्य करण्याचे महत्त्व मोठे होते. या सगळ्या प्रकरणात कुणालाही स्वतःची मते सांगावी लागली नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तक्रार फूटपट्टीने तपासता येत होती, आणि दुरुस्तीही पगार, जागा आणि नेमणुका यांतच व्हायची होती.

बोलण्याचा प्रश्न लवकरच पुढे आला. जानेवारी २००५ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष, अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स एका परिषदेत बोलले. विज्ञानातील सर्वोच्च पदांवर स्त्रिया कमी असण्याच्या संभाव्य कारणांत त्यांनी अत्युच्च क्षमतेच्या टोकाला स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात जन्मजात फरक असू शकतो, हेही एक कारण सांगितले. श्रोत्यांत नॅन्सी हॉपकिन्स होत्या. त्या उठून निघून गेल्या. बातमी देशभर पसरली. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी समर्स यांच्यावर अविश्वास दाखवला, आणि इतर वादांचीही भर पडून २००६ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. एखाद्या विद्यापीठाचा प्रमुख आणि साधा प्राध्यापक यांच्या बोलण्याला एकच माप लावता येत नाही, कारण प्रमुखाच्या हातात नेमणुका असतात. तरी एखादे गृहीतक चुकीचे ठरवायचे असेल तर ते आधी मांडू द्यावे लागते, हा मुद्दा तेव्हापासून वादाच्या केंद्रात आला.

पुरावा काय सांगतो? येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या नोकरीसाठी एकच अर्ज पाठवला. फरक एवढाच, की काहींच्या प्रतीवर ‘जॉन’ हे नाव होते आणि काहींच्या प्रतीवर ‘जेनिफर’. जॉन अधिक लायक ठरला, आणि त्याला वर्षाला सरासरी सुमारे ३०,२०० डॉलर पगार सुचवला गेला. जेनिफरला सुमारे २६,५००. कमी पगार सुचवणाऱ्यांत महिला प्राध्यापकही होत्या. तीनच वर्षांनी, २०१५ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातील वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांनी वेगळा निष्कर्ष मांडला. साहाय्यक प्राध्यापकपदासाठीचे सारख्याच तोडीचे काल्पनिक उमेदवार प्राध्यापकांसमोर ठेवल्यावर स्त्री उमेदवाराला दोनास एक या प्रमाणात पसंती मिळाली. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पायरी वेगळी, नोकरी वेगळी, उमेदवाराची आधीची कामगिरी किती ठसठशीत आहे हेही वेगळे. वांशिक फरकाबाबत २०११ मधला डोना गिंथर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास अधिक बोचरा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे, म्हणजे एनआयएचकडे, आलेल्या अनुदान-अर्जांत शिक्षण, संस्था, प्रकाशने अशा बाबी हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता सुमारे दहा टक्के-बिंदूंनी कमी होती. भूविज्ञानाबाबत तर २०१८ मध्ये एका शोधनियतकालिकात आलेल्या विश्लेषणाने चाळीस वर्षांत वांशिक विविधतेत काहीच प्रगती झाली नसल्याचे दाखवले. थोडक्यात, अडथळा आहे. तो सगळीकडे सारखा नाही.

यावर उपाय काय करायचा हे ठरवताना अमेरिकेच्या कायद्याने एक विचित्र वळण घेतले. भारतीय वाचकाला परिचित असलेले आरक्षण तेथे मुळात चालत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरपैकी सोळा जागा अल्पसंख्याकांसाठी राखल्या होत्या. ॲलन बाकी या गोऱ्या उमेदवाराच्या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा राखीव जागा रद्द ठरवल्या. मात्र न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी एक वाट मोकळी ठेवली: वर्गात विविध पार्श्वभूमीचे विद्यार्थी असणे सर्वांच्याच शिक्षणाला उपकारक असते, म्हणून वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहता येईल. गेल्या पिढ्यांवरील अन्यायाची भरपाई हे कारण त्यामुळे मागे पडले आणि ‘विविधता’ पुढे आली. भारतात सामाजिक न्याय हा थेट घटनात्मक दावा आहे. अमेरिकेत तो शैक्षणिक लाभाच्या आडून मांडावा लागला. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २०९’ मंजूर करून सरकारी विद्यापीठांत वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देण्यावर बंदी घातली. मग थेट वंश न पाहता तोच हेतू साधणारी साधने शोधली जाऊ लागली. विविधता-निवेदन हे त्यांतले सर्वांत वादग्रस्त.

प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत संशोधनाचा आणि अध्यापनाचा आराखडा द्यावा लागतोच. त्यात आणखी एका पानाची भर पडली: विविधता, समन्याय आणि समावेशन यांसाठी उमेदवाराने आजवर काय केले आणि पुढे काय करील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील जीवविज्ञान विभागांनी २०१८-१९ मध्ये संयुक्त भरती केली, तेव्हा पात्र ठरलेल्या सुमारे ९०० अर्जांची पहिली चाळणी केवळ या निवेदनावर लावली. पुढच्या फेरीत २१४ उरले. म्हणजे तीन चतुर्थांश उमेदवारांचे संशोधन कुणी वाचण्याआधीच त्यांचा विचार संपला. गुण देण्याचा तक्ता ठरलेला होता: या विषयाची जाण, आजवरचे काम आणि पुढची योजना, प्रत्येकी एक ते पाच. आपण सर्व विद्यार्थ्यांना सारखेच वागवतो, एवढेच लिहिणारा उमेदवार तळाच्या गुणांत बसत असे.

तक्त्यातील हीच जागा नीट पाहायला हवी. गरीब वस्तीतल्या मुलांना सुटीत गणित शिकवणे हे काम आहे. ते केले की नाही हे तपासता येते, आणि चांगल्या शिक्षकाच्या निवडीत त्याला वजन देणे योग्यच आहे. सर्वांना सारखे वागवावे की काहींकडे विशेष लक्ष द्यावे, हा मात्र मताचा प्रश्न आहे, आणि त्यावर प्रामाणिक, विचारी माणसांत मतभेद असतात. तक्त्याने दुसऱ्या गोष्टीलाही गुण ठेवले आणि तिथे तो चुकला. डेव्हिस येथील गणित विभागाच्या प्रमुख ॲबिगेल थॉम्पसन यांनी डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मासिकात हेच लिहिले. त्यांनी आठवण करून दिली ती याच कॅलिफोर्निया विद्यापीठातील निष्ठेच्या शपथेची. आपण कम्युनिस्ट नाही अशी शपथ लिहून देण्याची सक्ती तेथे १९४९-५० मध्ये झाली होती. नकार देणाऱ्या ३१ प्राध्यापकांना ऑगस्ट १९५० मध्ये काढून टाकण्यात आले. त्यांत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉलमन होते, आणि पुढे याच विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड सॅक्सन होते. न्यायालयाने १९५२ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. थॉम्पसन यांच्या लेखावर गणितज्ञांत उभी फूट पडली. शेकडो सह्यांची पत्रे दोन्ही बाजूंनी निघाली. शपथेशी केलेली तुलना अनेकांना अतिरेकी वाटली, आणि ती थोडी तशी आहेही: निवेदनावर काही लिहायला नकार देणाऱ्याची असलेली नोकरी जात नव्हती. पण नोकरी मिळण्याच्या दारातच अडवणे ही तरुण संशोधकासाठी काही सौम्य गोष्ट नाही.

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि वादाचे तापमान एकदम चढले. १० जून रोजी हजारो शास्त्रज्ञांनी रोजचे काम थांबवून वंशभेदावर विचार करण्याचा दिवस पाळला. मोठी शोधनियतकालिकेही त्यात सामील झाली. बराच काळ दबलेली वेदना तेव्हा बाहेर आली. त्याच महिन्यात दुसरीही एक गोष्ट घडली. कॅनडातील रसायनशास्त्रज्ञ टोमाश हुडलिकी यांचा सेंद्रिय संश्लेषणाच्या वाटचालीवरचा निबंध ‘अंगेवांटे केमी’ या नामवंत जर्मन नियतकालिकाच्या संकेतस्थळावर आला. भरतीत विशिष्ट गटांना प्राधान्य दिल्याने गुणवत्ता घसरते, असा सूर त्यात होता. संताप उसळला, निबंध काढून घेण्यात आला, दोन संपादकांना निलंबित करण्यात आले आणि सल्लागार मंडळावरील सोळा शास्त्रज्ञांनी राजीनामे दिले. निबंधातला तो भाग पुराव्याच्या दृष्टीने लंगडा होता. लंगड्या लेखाला उत्तर छापण्याची विज्ञानात जुनी रीत आहे. ती तेव्हा पाळली गेली नाही.

याच वातावरणात डोरियन ॲबट यांचे प्रकरण घडले. ॲबट हे शिकागो विद्यापीठातील भूभौतिकशास्त्रज्ञ. पृथ्वीचे प्राचीन हवामान आणि परग्रहांवर जीवसृष्टी तग धरू शकेल का, हे त्यांचे अभ्यासविषय. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी यूट्यूबवर ध्वनिचित्रफिती टाकून विभागातील विविधता-उपक्रमांवर टीका केली आणि उमेदवाराकडे गटाचा सदस्य म्हणून न पाहता व्यक्ती म्हणून पाहावे असे मांडले. विभागातील विद्यार्थी आणि तरुण संशोधकांनी त्यांच्याविरुद्ध खुले पत्र काढले. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट झिमर यांनी मात्र मतांबद्दल कुणाही प्राध्यापकावर कारवाई होणार नाही असे जाहीर केले. ऑगस्ट २०२१ मध्ये ॲबट यांनी स्टॅनफर्डचे इव्हान मारिनोविच यांच्यासोबत ‘न्यूजवीक’मध्ये अशा उपक्रमांविरुद्ध लेख लिहिला. वंशवेडाने पछाडलेल्या राजवटीने १९३० च्या दशकात जर्मन विद्यापीठांची काय दशा केली याचा दाखला त्यांनी दिला. ज्यांच्यासाठी हे उपक्रम होते त्यांना ही तुलना जिव्हारी लागली, यात नवल नाही. वंशसंहाराकडे गेलेली राजवट आणि भरतीतले प्राधान्य यांना एका ओळीत बसवणे अन्यायाचेच होते.

एमआयटीच्या भूविज्ञान विभागाने ॲबट यांना त्या वर्षीच्या जॉन कार्लसन व्याख्यानासाठी बोलावले होते. हवामानविषयक हे वार्षिक व्याख्यान सामान्य लोकांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी असते. समाजमाध्यमांवर विरोध सुरू झाला. सप्टेंबरच्या अखेरीस विभागप्रमुख रॉबर्ट व्हान डर हिल्स्ट यांनी दूरध्वनी करून व्याख्यान रद्द झाल्याचे कळवले. त्याऐवजी विभागातील शास्त्रज्ञांसमोर आपले संशोधन मांडायला यावे, असे आमंत्रण त्यांना देण्यात आले. विभागाची बाजू अशी होती: हे व्याख्यान मुलांना विज्ञानाकडे ओढण्यासाठी आहे, त्यांत आजवर दूर राहिलेल्या समाजातील मुले आहेत, आणि तो मान कुणाला द्यायचा हे यजमानच ठरवतो. या युक्तिवादाचा पहिला भाग बिनतोड आहे. कुणालाही व्याख्यानाचा हक्क नसतो. ॲबट यांना बोलावलेच नसते तर तक्रारीला जागा नव्हती. पण बोलावल्यानंतर, हवामान आणि परग्रह या विषयाशी संबंध नसलेल्या मतामुळे आमंत्रण मागे घेणे म्हणजे वक्त्याच्या मतांची परीक्षा घेणे झाले. प्रिन्सटनमधील राज्यशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जॉर्ज यांनी तेच व्याख्यान त्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, ऑनलाइन ठेवले आणि हजारोंनी नावे नोंदवली. बर्कलेमध्ये हवामानशास्त्रज्ञ डेव्हिड रॉम्प्स यांनी ॲबट यांना बोलावण्याचा प्रस्ताव सहकाऱ्यांपुढे ठेवला. तो मान्य होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा त्यांनी तेथील वातावरणविज्ञान केंद्राचे संचालकपद सोडत असल्याचे जाहीर केले.

या वादात दोन वेगळ्या संकल्पनांची गल्लत वारंवार होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, त्यामुळे बर्कलेसारख्या सरकारी विद्यापीठाला ती लागू होते. एमआयटी, शिकागो, प्रिन्सटन या खासगी संस्थांना नाही. विद्याविषयक स्वातंत्र्य हे निराळे. अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने १९१५ आणि १९४० मधील जाहीरनाम्यांत ते मांडले: संशोधन, अध्यापन आणि नागरिक म्हणून केलेले भाष्य यांसाठी प्राध्यापकाला शिक्षा होऊ नये. यात सर्व मते सारखीच मोलाची आहेत असे गृहीत नाही. पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे सांगणाऱ्याचा शोधनिबंध परत येईल आणि आलाच पाहिजे. तो निर्णय त्या विषयातील जाणकारांनी त्या निबंधाच्या गुणदोषांवर घ्यायचा असतो. शिकागोच्या कायदेपंडित जेफ्री स्टोन यांच्या समितीने २०१५ मध्ये मांडलेली ‘शिकागो तत्त्वे’ एक पाऊल पुढे गेली: बोलणे कुणाला क्लेशकारक वाटते, एवढ्यावर विद्यापीठाने ते रोखू नये. पुढे शंभरावर संस्थांनी ती किंवा तशीच तत्त्वे स्वीकारली.

एमआयटीतही विचार सुरू झाला. माजी विद्यार्थ्यांनी संघटना काढली, प्राध्यापकांचा कार्यगट बसला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्राध्यापक सभेने ९८ विरुद्ध ५२ मतांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे निवेदन मंजूर केले. एक तृतीयांश विरोध होता, हे दडवण्याची गरज नाही. तरुण, कायम नेमणूक नसलेल्या आणि अल्पसंख्य सहकाऱ्यांना अपमानास्पद बोलणे जास्त महागात पडते, ही भीती खरी आहे, आणि कोणतेही तत्त्व ती आपोआप घालवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या पेशीजीवशास्त्रज्ञ सॅली कॉर्नब्लुथ यांनी मे २०२४ मध्ये भरतीतील विविधता-निवेदने बंद केली. सक्तीने लिहून घेतलेली निवेदने अभिव्यक्तीवर घाला घालतात आणि त्यांनी हेतूही साधत नाही, अशी कारणे त्यांनी दिली. सर्वांना सामावून घेणारे वातावरण घडवण्याचे अनेक मार्ग आहेत, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. मार्च २०२५ मध्ये, वाद जिथे पेटला होता त्या कॅलिफोर्निया विद्यापीठानेही ही सक्ती सोडली.

पण तोवर दुसऱ्या बाजूने सत्ता कामाला लागली होती. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशांत वंशाचा विचार करण्याची पॉवेल यांची वाट बहुतांशी बंद केली. फ्लोरिडा आणि टेक्सास राज्यांनी सरकारी विद्यापीठांतील विविधता-कार्यालये कायद्याने बंद केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेटर टेड क्रूझ यांच्या कार्यालयाने राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने दिलेल्या ३,४८३ अनुदाने वैचारिक प्रचार म्हणून पुढे आणली. त्यांत पुदिन्याच्या कुळातील वनस्पतींच्या उत्क्रांतीवरचा प्रकल्पही होता. प्रकल्पाच्या सारांशात वनस्पतींमधील वैविध्याचा शब्द होता, आणि एका तरुण महिला शास्त्रज्ञाला साहाय्य होईल असा उल्लेख होता. असे उल्लेख अर्जात येण्याचे कारण कायद्यातच होते: संशोधनाचा समाजाला काय लाभ होईल हे सांगणे बंधनकारक होते, आणि विज्ञानात स्त्रिया व अल्पसंख्याकांचा सहभाग वाढवणे हे त्या लाभांपैकी एक म्हणून २०१० च्या कायद्याने नमूद केले होते.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पहिल्या दोन दिवसांतच विविधता-कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले. एप्रिलपासून विज्ञान प्रतिष्ठानने अनुदाने रद्द करायला सुरुवात केली. एनआयएचने तर कृष्णवर्णीयांच्या आणि समलिंगी व्यक्तींच्या आरोग्यावरील अनेक प्रकल्प अर्ध्यावर थांबवले. रोनाल्ड रेगन यांनी नेमलेले बोस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी १६ जून रोजी एनआयएचची ही कारवाई बेकायदा ठरवली. आपल्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सरकारकडून असा वांशिक भेदभाव पाहिला नव्हता, असे त्यांनी म्हटले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या निर्णयाचा मोठा भाग स्थगित केला. अनुदानाच्या पैशाचे दावे वेगळ्या न्यायालयात जायला हवेत, असे कारण दिले. विभागाच्या भरती-समितीने मतांना गुण देणे चूकच होते. सरकारने शब्द शोधून प्रयोगशाळा बंद करणे ही त्याहून कितीतरी मोठी चूक आहे, कारण समितीने नाकारलेल्याला दुसरे विद्यापीठ असते. मूलभूत संशोधनाला पैसा देणारे संघराज्य सरकार मात्र एकच आहे.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी ट्रम्प प्रशासनाने नऊ विद्यापीठांपुढे करार ठेवला: प्रवेश आणि भरतीत वंश व लिंग विचारात घेऊ नये, पुराणमतवादी विचारांना तुच्छ लेखणारे विभाग बदलावेत किंवा बंद करावेत, परदेशी विद्यार्थ्यांवर मर्यादा घालावी, बदल्यात अनुदानात झुकते माप मिळेल. १० ऑक्टोबरला सर्वांत आधी नकार कळवला तो एमआयटीने. करारातील काही गोष्टी आपली संस्था आधीपासूनच पाळते, असे कॉर्नब्लुथ यांनी पत्रात लिहिले. पण त्यातील काही तरतुदींनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि संस्थेची स्वायत्तता यांना बाध येतो, आणि विज्ञानाचा पैसा केवळ वैज्ञानिक गुणवत्तेवर दिला जावा या संस्थेच्या मूळ श्रद्धेशी हा करार जुळत नाही, असे कारण त्यांनी दिले. त्या महिन्यात नऊपैकी बहुतेक विद्यापीठांनी नकार कळवला.